‘तू’ म्हणायला सोळा भाग

“यो गेला!” सासूबाई एकदम म्हणाल्या.

मी कोरियन मालिकेची सबटायटल वाचण्यात गुंतले होते. पडद्यावर पाऊस, बसथांबा, एका छत्रीत दोघं. खाली इंग्रजीत एवढंच आलं होतं की थंडी वाजत असेल ना. मी नेहमीप्रमाणे त्याचं मराठी करून मोठ्याने वाचलं, “तुम्हाला थंडी वाजत असेल ना?” त्यावर हा आक्षेप. “तुम्हाला नाही, तुला. यो लावला नाही त्याने. मागे घे, ऐक.”

घेतलं मागे. खरंच नव्हता. नऊ भाग इमानेइतबारे वाक्याच्या शेपटाला बांधलेला ‘यो’ त्याने त्या पावसात सोडून दिला होता, आणि ती ते ऐकून छत्रीच्या दांड्याकडे बघत उभी होती. इंग्रजी अक्षरांत यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

आमच्याकडे हा उद्योग २०२० च्या लॉकडाऊनपासून चालू आहे. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. इंग्रजी त्यांना येत नाही आणि हिंदी डबिंग चालत नाही, कारण “त्या पोरीच्या तोंडात भलत्याच बाईचा आवाज घालतात.” त्यांना आवाज मूळचा हवा आणि अर्थ माझ्याकडून हवा. म्हणून डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये रात्री जेवणं आटपली की मी हरदासासारखी बसते आणि कोरियन, जपानी, अधूनमधून चिनी प्रेमकथांचं निरूपण करते. नवरा पाणी प्यायला येतो, “अजून रडतायत का?” असं विचारून परत आत जातो.

या कामातली खरी अडचण मला पहिल्याच आठवड्यात कळली. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. बॉसला यू, बायकोला यू, कुत्र्याला यू. मराठीत तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं: तू की तुम्ही? आलास, आलात, की आलीस? सबटायटलकडून मदत शून्य. मग कान लावून ऐकायला लागले आणि लक्षात आलं की कोरियन भाषेत हे सगळं आहे, आपल्याहून जास्तच आहे. आदराचं बोलणं ते जोन्देन्माल, सलगीचं ते बानमाल, आणि फरक बहुतेक वेळा क्रियापदाच्या शेवटाला. रोजच्या अदबीच्या बोलण्यात शेवटी ‘यो’ येतो. तो गळला की समजायचं, दोन माणसांमधलं काहीतरी सरकलं. हे मी सासूबाईंना सांगितलं ती चूकच झाली. आता त्या माझ्या वरिष्ठ आहेत.

आदर सोडून सलगीत येण्याला कोरियन लोक ‘बोलणं खाली ठेवणं’ म्हणतात. डोक्यावरची पाटी उतरवून ठेवावी तसं. त्यासाठी रीतसर विचारतात सुद्धा, आता खाली ठेवूया का? आणि हे विचारायला नायकाला कधी चार भाग लागतात, कधी दहा. चुंबन सहाव्यात होऊन जातं, ‘तू’ मात्र अकराव्यात येतो. माझं मत विचाराल तर या मालिकांतला शृंगार तिथेच आहे. बर्फ, पियानो, लाल मफलर, हे सगळं मंडपाचं सामान.

आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. १९९५ साली माझं लग्न झालं. नवरा कॉलेजात माझ्याच वर्गात होता, त्यामुळे मी त्याला ‘अरे’च म्हणत आले होते. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, “निदान पाहुण्यांसमोर तरी ‘अहो’ म्हणत जा.” मी प्रयत्न केला. पहिल्यांदा ‘अहो’ म्हटलं तेव्हा नवऱ्याने मागे वळून बघितलं, त्याला वाटलं बाबा आलेत. सासूबाईंनी स्वतः सासऱ्यांचं नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं. एरवी ‘हे’, ‘यांना’, नाहीतर ‘अहो, ऐकलंत का’. नुसतं ‘अहो’ एवढ्या शब्दात त्या रागावू शकत, बोलावू शकत आणि चहा झालाय हेही सांगू शकत. अशा बाईला कोरियन मालिका का कळू नयेत?

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ आम्ही दोनदा पाहिली. २०१९ च्या डिसेंबरपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ती तिकडच्या टीव्हीएन वाहिनीवर चालली, सोळा भाग. सोलची श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि सीमेपलीकडे उत्तर कोरियात जाऊन झाडाला लटकते, खाली तिथल्या सैन्यातला कॅप्टन. गोष्ट अशक्य कोटीतली, पण उत्तरेकडचं गाव, तिथली जाणारी वीज, परसात पुरलेले किमचीच्या लोणच्याचे रांजण, चौकशा करणाऱ्या शेजारणी हे सगळं इतक्या मायेने उभं केलंय की मूळ अशक्यपणाची आपण तक्रार करत नाही. लेखिका पार्क जी-उन हिच्या मदतीला उत्तरेतून पळून आलेला एक लेखक होता, आणि ते दिसतं.

तर त्यातली नायिका नायकाला हाक मारते ती ‘री जंग-ह्योक शी’. पूर्ण नाव, वर ‘शी’. हा ‘शी’ म्हणजे आपला ‘राव’ किंवा ‘श्री’, फक्त नावाच्या मागे लागणारा. पण सासूबाईंना पहिले दोन भाग वाटत होतं की ती त्याला नाक मुरडते आहे. “एवढा देखणा मुलगा, आणि ही दर वेळी शी शी काय करते?” खुलासा केल्यावर त्यांचं मत पार फिरलं. तिकडे गोळीबार होवो, इकडे ताटातूट होवो, तिचा ‘शी’ सुटत नाही. इथे बोलणं खाली ठेवणं नाहीच, उलट त्या पूर्ण नावातच एवढं प्रेम साठत जातं की शेवटी शेवटी नुसती हाक ऐकून रडू येतं. मी त्या मालिकेत शेवटपर्यंत ‘तुम्ही’च वाचलं. सासूबाईंनी मान्यता दिली. ते दोघे नट, ह्यून बिन आणि सोन ये-जिन, २०२२ साली खरोखरचे नवराबायको झाले ही बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली. (स्वित्झर्लंडमधल्या ज्या तळ्याकाठच्या धक्क्यावर नायक पियानो वाजवतो, तिथे एवढी गर्दी लोटली की गावाने फिरतं फाटक बसवून पाच फ्रँक लावले. गावाचं नाव इझेल्टवाल्ड. आपल्याकडे असतं तर शेजारी वडापावची गाडीही आली असती.)

‘ओप्पा’ हा मात्र आमच्या घरातला वादाचा विषय. मुलीने थोरल्या भावाला म्हणायचं ते ओप्पा, आणि प्रियकर वयाने मोठा असला तर त्यालाही ओप्पाच. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशानेही तो शब्द घेतला, दोन्ही अर्थांसकट. सबटायटलवाले बहुतेक वेळा त्या जागी सरळ नाव टाकून मोकळे होतात. मी काय करू? ‘दादा’ म्हटलं की मराठीत कारभार आटोपला, पुढे राखीच. पण आपणही हसण्यात अर्थ नाही. सासूबाईंच्या आधीची पिढी सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत होती, ते काय होतं? मामाच्या, आत्याच्या घरात लग्न व्हायची त्याचा हा भाषेत राहिलेला वास. नात्याची नावं प्रेमाला उसनी द्यायची सवय आपल्यालाही जुनी आहे, आपण फक्त दादाशी थांबलो.

याच हाकेमुळे एक गाजलेली मालिका मला पचली नाही. ‘गॉब्लिन’. ९३९ वर्षांचा शापित योद्धा आणि एकोणीस वर्षांची शाळकरी मुलगी. छायाचित्रण काय, संगीत काय, नायक गाँग यू काय. पण ती त्याला ‘आजोशी’ म्हणते, म्हणजे काका. इंग्रजीत तो शब्द ‘मिस्टर’ होऊन गुळगुळीत होतो. मला तो मोठ्याने मराठीत वाचावा लागला. “काका, माझ्याशी लग्न करा.” दुसऱ्यांदा वाचल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बंद कर.” मीही केलं. भाषांतराने कधी कधी नुसता प्रकाश पडतो आणि खोलीतला पसारा दिसतो.

पसारा या मालिकांत भरपूर आहे. अब्जाधीशाचा उद्धट मुलगा. गरीब, धडपडी, दिवसाला तीन नोकऱ्या करणारी मुलगी. पैशाचं पाकीट पुढे सरकवून वर तोंडावर पाणी फेकणारी त्याची आई. ऐन सुखाच्या क्षणी चौकात येणारा ट्रक, त्यानंतर गेलेली स्मृती. आणि मनगट धरून ओढून नेणं, ज्याला तिकडे पुष्कळ वर्षं प्रेम समजत होते. अलीकडे ते कमी झालंय, बायकांनी टीका केली म्हणून झालंय, आणि बरं झालंय. या सगळ्याची आदिमाता म्हणजे योको कामिओ यांची १९९२ साली सुरू झालेली जपानी चित्रकथा. तिच्यावर तैवानने २००१ मध्ये, जपानने २००५ मध्ये, कोरियाने २००९ मध्ये मालिका काढली, पुढे चीन आणि थायलंडनेही. कोरियन ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ पाहून कित्येकांना या मालिकांचं वेड लागलं. मला त्या नायकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, शाळेत मुलीचा छळ मांडणारा तो गुंड आहे. मूळ नाव मात्र झकास, ‘हाना योरी डांगो’: फुलांपेक्षा डांगो बरे अशी जपानी म्हण आहे, डांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे. आधी पोटोबा मग विठोबा! त्यातल्या ‘डांगो’ची अक्षरं बदलून ‘मुलगे’ अशी करून ते नाव तयार केलंय.

या नादाची चेष्टा होते याचं मला आता वाईट वाटत नाही. ‘विंटर सोनाटा’ ही २००२ ची कोरियन मालिका दुसऱ्या वर्षी जपानच्या एनएचके वाहिनीने दाखवली आणि मध्यमवयीन जपानी बायकांनी ती उचलून धरली. अपघात, विस्मरण, आपण भाऊबहीण तर नाही ना हा संशय, सगळा मसाला त्यात होता. चष्मेवाला नायक बे योंग-जुन याला त्या ‘योन-सामा’ म्हणू लागल्या. ‘सामा’ हा जपानीतला फार वरचा आदर, देवाला आणि गिऱ्हाइकाला लावतात तो. ज्या कोरियावर जपानने १९१० पासून १९४५ पर्यंत राज्य केलं, तिथल्या एका नटाला टोकियो-ओसाकाच्या गृहिणींनी आपणहून ‘सामा’ लावला, आणि जिथे चित्रण झालं त्या नामी बेटावरची झाडांची रांग बघायला त्या विमानाने गेल्या. त्यांच्या नवऱ्यांना हसू आलं असेल. माझाही नवरा हसतो.

जपानी मालिकांपैकी एकच सांगते, पण ती सांगायलाच हवी. २०१६ मध्ये तिकडच्या टीबीएस वाहिनीवर अकरा भागांची एक मालिका आली, पळून जाणं लाजिरवाणं असलं तरी उपयोगाचं असतं, अशा अर्थाच्या लांबलचक नावाची. मिकुरी नावाची उच्चशिक्षित मुलगी. नोकरी गेलेली. त्सुझाकी नावाच्या संगणक अभियंत्याकडे ती घरकामाला लागते, पुढे दोघं करार करतात: कागदोपत्री लग्न, प्रत्यक्षात नोकरी. ती घर सांभाळणार, तो पगार देणार. तास ठरलेले, जादा कामाचे वेगळे. पुढे जवळीक वाढवायचीही कलमं ठरतात, मंगळवार हा मिठीचा दिवस. आणि इतकं होऊनही दोघं एकमेकांना नावामागे आदराचा ‘सान’ लावूनच बोलतात.

मला वाटलं होतं सासूबाईंना हे चावट वाटेल. त्या पहिल्या भागापासून पुढे सरकून बसल्या. पगाराचा आकडा आला की, “येनचे रुपये किती ग होतात?” मग दहावा भाग. तो तिला लग्नाची मागणी घालतो आणि उत्साहाने हिशेब मांडतो की खरं लग्न केलं तर तिचा पगार वाचेल, ते पैसे दोघांच्या भविष्याला उपयोगी पडतील. ती शांतपणे म्हणते की हे प्रेमाच्या नावाखाली शोषण आहे. मी हे वाक्य मराठीत वाचलं आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“थांबव जरा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “भांडी धरायची का यात?”

“धरायची.”

“आणि पापड-कुरडया?”

“त्या जादा कामात.”

त्या रात्री तो भाग पुढे लावलाच नाही. (त्या मालिकेतली जोडीही २०२१ मध्ये खरी झाली. साखर पुन्हा ठेवली गेली, पण या वेळी “पगार देतो का तो?” असं विचारून.)

‘रिप्लाय १९८८’ ला मी प्रेमकथा म्हणणार नाही, तरी त्यात तीन-चार उत्तम प्रेमकथा आहेत. सोलच्या उत्तरेकडे साँगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं. संध्याकाळी एका घरातली भाजी वाटीतून दुसऱ्या घरात, तिथली तिसऱ्यात, पोरं नुसती वाट्या घेऊन पळतायत. चाळीत वाढलेल्या माणसाला हे पाहताना भूक लागते. सगळी तरुण प्रेक्षकमंडळी नायिकेचा नवरा कोण होणार यावर पैजा लावत होती. आमचा जीव अडकला सन-वूच्या आईत. विधवा, पदरात दोन मुलं. त्याच गल्लीतला बुद्धिबळासारखा बादुक खेळणाऱ्या मुलाचा बाप, विधुर, तिच्याच गावचा. ती त्याला लहानपणापासून ओप्पा म्हणत आलेली. दोघं कोळशाच्या विटांबद्दल बोलतात, औषधाबद्दल बोलतात, फक्त त्याबद्दल बोलत नाहीत. आणि तिचा शहाणा, गुणी मुलगा ते ओळखतो आणि आतून तुटतो. हे लिहिणाऱ्याला माणसं माहीत आहेत.

त्याच मालिकेत सन-वू आणि नायिकेची थोरली बहीण बो-रा यांच्या लग्नाला अडचण येते ती अशी की दोघांचंही आडनाव संग आणि कूळ एक. मी वाचता वाचता थबकले, याला काय म्हणू? सासूबाईंनीच शब्द दिला: “सगोत्र.” तंतोतंत. कोरियात एकाच आडनावाच्या, एकाच मूळगावच्या माणसांच्या लग्नाला कायद्यानेच बंदी होती. तिथल्या घटना न्यायालयाने ती १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे सगोत्र विवाहाची आडकाठी १९४६ च्या कायद्याने दूर झाली, म्हणजे पन्नास वर्षं आधी. आत्याबाईंना कायदा कळायला मात्र अजून अवकाश आहे.

‘माय लिबरेशन नोट्स’ बद्दल आमचं जमलं नाही. मला ती फार आवडली, सासूबाई तिसऱ्या भागात झोपल्या. सोलबाहेरच्या गावातून रोज तास-दीड तास लोकलने नोकरीला जाणारी तीन भावंडं, हे डोंबिवलीकराला वेगळं सांगायला नको. वडिलांच्या कारखान्यात काम करणारा एक दारुडा माणूस, ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, नुसता ‘गू शी’. (हे मोठ्याने वाचायची माझी काय पंचाईत झाली असेल ते मराठी वाचकाने समजून घ्यावं.) धाकटी बहीण त्याला प्रेम कर म्हणत नाही, माझी आराधना करा म्हणते, अगदी आदरार्थी. त्याचं नाव तिला कळतं ते जवळजवळ शेवटी.

गेल्या वर्षी ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ लावली. मार्च २०२५ मध्ये आलेली, सोळाच भाग. जेजू बेटावरची एसुन आणि ग्वान-सिक, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत. एसुनची आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या हेन्योंपैकी. तो मितभाषी, बाजारात कोबी विकायला बसलेल्या तिच्या शेजारी उभा राहून तिच्या वतीने ओरडणारा. बोलणं खाली ठेवायचा इथे प्रश्नच नाही, ती दोघं पहिल्यापासून अरे-तुरेतली. त्यामुळे मला वाचायला सोपी जाईल असं वाटलं होतं.

लग्नानंतर एसुन सासरी आहे. घरातले मोठ्या टेबलाशी जेवतायत, ती आणि तिची छोटी मुलगी मागे वेगळ्या छोट्या टेबलाशी. ग्वान-सिक मोठ्या टेबलाशी बसलाय. आणि तो काही न बोलता जागच्या जागी वळतो. थोरामोठ्यांकडे पाठ करतो, बायकोच्या टेबलाकडे तोंड करून जेवायला लागतो.

संवाद नव्हता, त्यामुळे मला वाचायला काही नव्हतं.

“आमच्याकडे बायकांची पंगत शेवटची,” सासूबाई म्हणाल्या. “वाड्यात सतरा माणसं. आमची पानं मांडेपर्यंत आमटीत नुसतं पाणी उरायचं. हे हात धुवून ओसरीवर जायचे, पान लावत बसायचे. दारातून दिसायचे मला.” मग जरा थांबून, “पाठ दिसायची.”

मी रिमोट हातात धरून बसले.

“हाक कशी मारतो ग तो तिला? मघापासून मारतोय.”

“नावानेच. एसुन. पुढे आ लावतो, एसुन-आ. आपण रामा, गणेशा म्हणतो तसं.”

सासूबाईंचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि माहेरचं नाव त्या दिवसापासून संपलं. मी ते एकदाच पाहिलं होतं, पेन्शनच्या प्रतिज्ञापत्रावर, ‘ऊर्फ’च्या पुढे टाइप केलेलं. त्या रात्री त्यांनी ते उच्चारलं. त्यांची आई अंगणातून हाक मारायची तसं, शेवटचं अक्षर लांबवून. इथे लिहीत नाही. एकदाच म्हणाल्या आणि चष्मा पदराला पुसला.

“लाव पुढे,” म्हणाल्या. “आणि नीट ऐकून वाच. मघाशी दोन ठिकाणी चुकलीस.”